चौदा एकांकिका, रात्रीचा दीड आणि वादातली गुणपत्रिका

प्रश्न : आमचं सोलापूरच्या पूर्व भागातलं तरुण मंडळ आहे. गेल्या वर्षी पहिल्यांदाच हौशी संघांसाठी खुली एकांकिका स्पर्धा घेतली. मैदानात मांडव घातला. १४ संघ आले, त्यात पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटचेही होते. प्रत्येक संघाला ४५ मिनिटं दिली होती. सकाळी ११ला सुरुवात झाली आणि शेवटचा पडदा पडला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. १० वाजता पोलिसांनी ध्वनिक्षेपक बंद करायला लावला, म्हणून शेवटच्या तीन संघांना माईकशिवाय प्रयोग करावा लागला. निकालावरून तर भांडणच झालं. बार्शीच्या संघाला तीन परीक्षकांनी ७४, ७३ आणि ५२ गुण दिले. पहिल्या आलेल्या संघाला ६८, ६७ आणि ८५. बार्शीकर यंदा येणार नाही म्हणतात. जानेवारीत पुन्हा स्पर्धा घ्यायची आहे. मंडळातले ज्येष्ठ म्हणतात, मोठे परीक्षक आणा, सगळं सुरळीत होईल. खरंच होईल का?
– मंडळाची सचिव

ताई, सप्रेम नमस्कार.

नाही होणार. परीक्षक कितीही मोठे आणले तरी रात्रीचा दीड वाजेलच, आणि गुणांची बेरीज गेल्या वर्षीसारखीच केली तर वादही तसाच होईल. तुमची दोन्ही दुखणी आकड्यांची आहेत. ती स्पर्धेच्या दिवशी बरी होत नाहीत. त्यांचा बंदोबस्त नियमावली छापायच्या आधी करावा लागतो.

आधी वेळेचं बघू. १४ संघ गुणिले ४५ म्हणजे ६३० मिनिटं, साडेदहा तास. मंडळानं एवढाच हिशेब केला असणार. पण एक संघ सामान उतरवतो आणि दुसरा मांडतो, त्यात हौशी स्पर्धेत सहज १७-१८ मिनिटं जातात. १७ धरली तरी १४ वेळा मिळून २३८ मिनिटं झाली, म्हणजे जवळपास चार तास. एकूण ८६८ मिनिटं. सकाळी ११ला सुरू केलं तर रात्रीचा दीडच वाजतो. कुणी आळस केला नाही की कुणी मुद्दाम उशीर केला नाही. वेळापत्रकच दीड वाजेपर्यंतचं होतं, फक्त ते कुणी लिहून काढलं नव्हतं.

यंदा एकांकिकेची मर्यादा ३० मिनिटांवर आणा, किमान २० ठेवा. आंतरविद्यापीठ युवा महोत्सवाच्या नियमांत एकांकिकेला ३० मिनिटंच असतात, त्यामुळे महाविद्यालयीन संघांकडे त्या मापाच्या संहिता तयार असतात. ३० मिनिटं प्रयोग, ८ मिनिटं मांडणी, ४ मिनिटं आवराआवर आणि ३ मिनिटं राखीव : एका संघाला ४५ मिनिटं. दिवसाला सात संघ म्हणजे सव्वापाच तास. जेवणाची एक तासाची आणि चहाची पाव तासाची सुटी धरली तरी ११ला सुरू झालेला दिवस साडेपाचला संपतो. दोन दिवसांत १४ संघ आरामात बसतात. पंधराव्या संघानं प्रवेशिका आणली तर त्याला प्रतीक्षा यादीत ठेवा, ओळखीखातर आत घेऊ नका. प्रवेश फीबरोबर तेवढीच अनामत घ्या आणि ती प्रयोग झाल्यावर तिथेच परत द्या. आयत्या वेळी गळणारे संघ अनामतीमुळे बरेच कमी होतात, आणि गळणार असतील तरी दोन दिवस आधी कळवतात.

पण हे वेळापत्रक बंद सभागृहातच चालतं. मांडवात दिवसा अंधार होत नाही. जानेवारीत सोलापुरात साडेसहाच्या आधी ब्लॅकआउटला काही अर्थ नसतो. दुपारी तीनला प्रयोग करणाऱ्या संघाची प्रकाशयोजना कुणाला दिसतच नाही आणि रात्री आठच्या संघाची खुलून दिसते. मग त्या दोघांना प्रकाशाचे गुण एकाच मापानं कसे द्यायचे? दुसरी अडचण तुम्ही भोगलीच आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्या जागेवर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सभागृहासारख्या बंद जागेत, आतल्या आत आवाज ठेवला तर ही बंदी लागू होत नाही. वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांना १२ वाजेपर्यंत सूट मिळते, पण ते दिवस शासन आधी जाहीर करतं. तुमचा दिवस त्यात असेलच असं धरून चालू नका. थोडक्यात, मांडवात साडेसहा ते दहा एवढाच वेळ हातात राहतो. त्यात ४५ मिनिटांचे चार प्रयोग बसतात, म्हणजे १४ संघांना चार संध्याकाळी लागतील. चार रात्रींचा मांडव, दिवे, ध्वनी आणि जनरेटर यांचं भाडं एका कागदावर मांडा, शेजारी हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहाचं दोन दिवसांचं भाडं लिहा, आणि मग ठरवा. आमचा कौल नाट्यगृहाला आहे.

तारीख धरताना संक्रांतीच्या आगेमागे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस वगळा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी तुमचे निम्मे कार्यकर्ते रस्त्यावर असतील आणि बाहेरगावच्या टेम्पोला शहरात शिरता येणार नाही. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा लागतात, म्हणून जानेवारीचा शेवटचा शनिवार-रविवार बरा.

भाषणांसाठी बांधलेलं सभागृह मिळालं तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी स्वतः बघा. दोन्ही बाजूंना विंगेत तीन-चार माणसं सामानासह उभी राहतील एवढी जागा आहे का? मागच्या पडद्यामागून कलाकाराला इकडून तिकडे जाता येतं का? टेम्पो दारापर्यंत येतो का? आणि सामान ज्या दारातून येणार त्याची रुंदी किती? दार साडेतीन फुटांचं निघालं तर चार फुटी लेव्हल (लाकडी चौथरा) सरळ आत शिरत नाही, आणि हे नेहमी तिसऱ्या घंटेच्या आधी दहा मिनिटं कळतं. रंगमंचाची रुंदी, खोली, उंची ही मापं नियमावलीतच छापा.

आता मांडणीच्या त्या आठ मिनिटांबद्दल. मोठ्या आवाजात घाई करून ती साधत नाहीत, वाट मोकळी ठेवली तर साधतात. सामान नेहमी डाव्या विंगेतून आत आणि उजव्या विंगेतून बाहेर, ही एकच दिशा दोन्ही दिवस पाळा. एक संघ प्रयोग करत असताना पुढच्या संघाचं सामान डावीकडे क्रमानं लागलेलं हवं : सगळ्यात आधी लावायचं ते सगळ्यात पुढे. दोन्ही संघ एकाच दारात समोरासमोर आले की पाच मिनिटं तिथेच जातात. जड सामान सगळ्यांना सामाईक द्या : सहा बाय चारच्या दोन लेव्हल, दीड फुटी चार ठोकळे, एक टेबल, चार खुर्च्या, एक बाक, एक दाराची चौकट. त्यामुळे टेम्पोही लहान लागतो आणि बाहेरगावच्या संघाचा खर्च वाचतो. आदल्या दिवशीच्या तांत्रिक तालमीत प्रत्येक संघानं आपल्या सामानाच्या जागा वेगळ्या रंगाच्या चिकटपट्टीनं जमिनीवर खुणावून ठेवाव्यात. माती, पाणी, पीठ, गुलाल, काच आणि उघडी ज्योत यांना सरसकट मनाई करा. सांडलेल्या गुलालावरून पुढच्या संघातली मुलगी घसरते, आणि पणतीतलं तेल पुसायला आठ मिनिटं पुरत नाहीत. अग्निशामक दोन्ही विंगांत ठेवा, आणि तो चालवायचा कसा हे माहीत असलेला माणूसही तिथेच उभा करा.

रंगमंचावर शेवटचा शब्द एकाच व्यक्तीचा असावा. त्या व्यवस्थापकानं सांगितलं की अध्यक्षांनीही ऐकायचं. उद्घाटन वीस मिनिटांत आटपा. पाहुणे उशिरा आले तर चालू प्रयोग थांबवायचा नाही, त्यांना मध्यंतरात बोलवायचं. दोन एकांकिकांच्या मध्ये सत्कार नको. निवेदकानं संघाचं, एकांकिकेचं, लेखकाचं आणि दिग्दर्शकाचं नाव सांगून बाजूला व्हावं.

वेळ मोजायला दोन माणसं, दोन स्टॉपवॉच. वेळ कधी सुरू होते हे नियमात नेमकं लिहा : पडदा हलणं, पहिला प्रकाश, पहिला आवाज यांपैकी जे आधी घडेल तेव्हा. संघानं स्वतःची प्रस्तावना लावली असेल तर तीही त्यातच मोजा. ‘नाटक सुरू झाल्यापासून’ एवढंच लिहिलंत तर दीड मिनिटाचं पार्श्वसंगीत कुणाच्या खात्यात घालायचं यावर वाद ठरलेला. संपतं कधी? शेवटचा प्रकाश गेला किंवा पडदा मिटला की. २५व्या मिनिटाला विंगेत हिरवा दिवा, ३०व्याला लाल. तो संघाच्या विंगेतल्या माणसाला दिसला पाहिजे, प्रेक्षकांना नको. एक मिनिट सूट, पुढच्या प्रत्येक मिनिटाला किंवा त्याच्या भागाला एकूण गुणांतून २ वजा. ३५ मिनिटं ओलांडली तर सांघिक बक्षिसातून बाद, वैयक्तिक बक्षिसं मात्र खुली. प्रयोग संपल्यावर पाच मिनिटांच्या आत वेळेच्या कागदावर संघप्रमुखाची सही घ्या. निकालानंतर आकडा दाखवला तर तो आरोप वाटतो. तेव्हाच्या तेव्हा दाखवला तर माणूस घड्याळाकडे बघून सही करतो.

आदल्या दिवशी प्रत्येक संघाला १५ मिनिटं तांत्रिक तालमीसाठी द्या. त्यात नाटक करायचं नाही. प्रकाशाच्या पातळ्या, ध्वनीचा आवाज आणि एंट्री-एक्झिट एवढंच. दिवे सगळ्यांना एकाच जागी बांधलेले असावेत, कुणासाठीही हलवायचे नाहीत. ध्वनिफिती पेनड्राइव्हवर ०१, ०२ अशा क्रमानं आणायला सांगा आणि मंडळाच्या एकाच लॅपटॉपवर त्या दिवशीच उतरवून घ्या. मोबाइलवरून ब्लूटूथनं वाजवायला बंदी करा. ऐन मृत्यूच्या प्रसंगात कुणाचा तरी फोन वाजतो, आणि ब्लूटूथ तुटलं की परत जोडेपर्यंत नट आ वासून उभे राहतात. कॉलर माईक नकोत. १४ संघांत ते बदलत बसणं आणि घामानं बिघडलेले सांभाळणं होत नाही. पुढच्या कडेला जमिनीलगत ठेवायचे तीन-चार माईक आणि वर दोन टांगलेले पुरतात. स्पीकर माईकच्या रेषेच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून हवेत, नाहीतर शिट्टी वाजत राहते.

मांडवच करायचा ठरला तर विजेचा हिशेब कंत्राटदारावर सोडू नका. हजार वॅटचे १२ दिवे म्हणजे २३० व्होल्टला साधारण ५२ अँपिअर. एका फेजवर टाकलेत तर फ्यूज जाणार. दोन फेजवर विभागले की प्रत्येकी २६ येतात. तिसरी फेज फक्त ध्वनीला ठेवा, कारण डिमरच्याच फेजवर ध्वनी घेतला की दिवे मंद करताना स्पीकरमधून घूं असा आवाज येतो.

कागदपत्रांत दोन गोष्टी चुकवू नका. प्रत्येक संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. नवी संहिता असेल तर संघाला त्यासाठी महिना-दीड महिना आधी अर्ज करायला सांगा आणि प्रवेशिकेबरोबर त्याची प्रत मागा. दुसरी गोष्ट लेखकाच्या परवानगीची. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला सवलत आहे. तिकीट लावलंत की त्या सवलतीवर विसंबता येत नाही. पण सवलत असली तरी लेखकाचं परवानगीपत्र घ्याच. ज्याच्या शब्दांवर दोन महिने तालमी केल्या, त्याला निदान कळायला हवं.

आता गुणपत्रिका. बार्शीला एकूण १९९ आणि विजेत्यांना २२०, म्हणजे बेरजेत चूक नाही. तरीही तिघांपैकी दोघांना बार्शीचा प्रयोग सरस वाटला होता. पहिल्या दोन परीक्षकांनी दोन संघांत सहा-सहा गुणांचं अंतर ठेवलं, तिसऱ्यांनी ३३ गुणांचं. जो परीक्षक ५० ते ९० असा लांब हात टाकतो, त्याचं एकट्याचं मत बाकी दोघांना गिळून टाकतं. यात लबाडी असेलच असं नाही, गुण देण्याची सवय प्रत्येकाची वेगळी असते. पण बेरजेची पद्धत या सवयीलाच निकाल ठरवू देते.

म्हणून गुण द्या, पण निकाल क्रमावर लावा. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्याच्या यादीत संघांना १ ते १४ क्रम द्या. वेळेचे गुण त्याआधीच प्रत्येकाच्या कागदावरून वजा करा. दोन परीक्षकांनी एकाच संघाला पहिलं ठेवलं असेल तर तो संघ पहिला. तसं नसेल तर तिघांच्या क्रमांची बेरीज करा. सगळ्यात लहान बेरजेचा संघ पहिला. समजा, बार्शी दोघांच्या यादीत दुसरी आणि तिसऱ्याच्या यादीत चौथी असेल, तर बेरीज ८. विजेता संघ दोघांकडे चौथा आणि तिसऱ्याकडे पहिला असेल, तर ९. आता तिसऱ्या परीक्षकाचं मत इतर प्रत्येकाच्या मताएवढंच मोजलं गेलं. बरोबरी झाली तर दिग्दर्शनाच्या गुणांवरचे क्रम बघा. या पद्धतीतही खोट आहे : एखादा प्रयोग इतरांपेक्षा मैलभर पुढे असला तरी त्याला फक्त एका पायरीचाच फायदा मिळतो. तरीही तीन परीक्षकांच्या स्पर्धेला आम्हाला हीच पद्धत न्याय्य वाटते.

१०० गुण असे वाटा : सांघिक अभिनय ४०, दिग्दर्शन ३०, नेपथ्य-प्रकाश-संगीत-वेशभूषा मिळून २०, एकूण परिणाम १०. संहितेला यात गुण नकोत. गाजलेली जुनी संहिता घेणाऱ्याला ते फुकट मिळतात आणि स्वतः लिहिणाऱ्याला मार बसतो. नव्या लेखनाला वेगळं बक्षीस ठेवा. अभिनयाच्या वैयक्तिक बक्षिसांसाठी प्रत्येक परीक्षकानं तीन नावं क्रमानं लिहावीत, त्यांना ३, २, १ गुण. परीक्षकांच्या हातात पात्र, कलाकाराचं नाव आणि कपड्यांचा रंग असा तक्ता द्या. नाहीतर ‘ती हिरव्या साडीतली’ एवढंच त्यांच्या वहीत राहतं आणि बक्षीस भलत्याच मुलीला जातं.

परीक्षक तीनच, दोन्ही दिवस तेच. कुठल्याही सहभागी संघाला शिकवलेलं नाही असं लेखी घ्या. सोलापूर-पुण्याच्या नाट्यवर्तुळात ओळखी असणारच. ओळख असणं आणि त्या संघाच्या तालमी घेतलेल्या असणं यात फरक आहे. परीक्षकांना पाचव्या-सहाव्या रांगेत मधे बसवा, पण एकमेकांशेजारी नको. लिहायला झाकलेला मंद दिवा द्या. पहिल्या संघाला सगळेच परीक्षक हात राखून गुण देतात, म्हणून पहिल्या तीन एकांकिकांचे गुण तिसरीनंतर सुधारायची मुभा ठेवा. दिवसअखेर सही केलेले कागद बंद पाकिटात जमा करून घ्या.

आणखी एक गोष्ट खास तुमच्या भागासाठी. पूर्व भागातल्या कितीतरी कलाकारांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. त्यांच्या मराठीला सोलापूरचा हेल असतो, ‘काय बे’ सहज येतं. बाहेरून आलेल्या परीक्षकाला ते अशुद्ध वाटून गुण कापले गेले तर यंत्रमागावरच्या कामगाराची भूमिका करणारा पोरगा पुढच्या वर्षी पुस्तकी मराठी बोलून ती भूमिका मारून टाकेल. गुणपत्रिकेवरच छापा : पात्राची बोली हा दोष नाही, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत न पोहोचणं हा दोष आहे. हे वाक्य स्पर्धा सुरू व्हायच्या आधी परीक्षकांना मोठ्यानं वाचून दाखवा.

निकालाबरोबर तिन्ही परीक्षकांचे क्रम ‘परीक्षक १, २, ३’ असे फलकावर लावा. हरकत फक्त वेळ आणि बेरीज यांवर घेता येईल, अर्ध्या तासात, लेखी. परीक्षकांच्या मतावर हरकत नाही. बक्षिसांच्या आधी प्रत्येक संघाला परीक्षकांशी पाच मिनिटं बोलू द्या. पुष्कळ संघांना चषकापेक्षा त्या पाच मिनिटांची भूक असते.

राहिले बार्शीकर. जुना निकाल फिरवू नका. ज्यांनी बक्षीस नेलं त्यांचा यात काही दोष नाही. पण फोनवर मनधरणीही करू नका. तुम्ही आणि मंडळाचे अध्यक्ष त्यांच्या तालमीच्या जागी जा. गेल्या वर्षीची गुणपत्रिका आणि यंदाची नवी नियमावली दोन्ही सोबत न्या, आणि कोणता नियम कशामुळे बदलला ते त्यांच्यासमोर उघड सांगा. नियमावली अजून छापायची असेल तर त्यांच्या दिग्दर्शकाला ती वाचायला द्या आणि सुचवतील त्या दुरुस्त्या लिहून घ्या. कोणत्या संघाचा प्रयोग कधी, याच्या चिठ्ठ्या सगळ्या संघांच्या प्रतिनिधींसमोर काढायच्या आहेत, तर तो कार्यक्रम रविवारी दुपारी १२ला ठेवा, म्हणजे बार्शीहून सकाळची एसटी धरून येणारा माणूस वेळेवर पोहोचेल.